पाळी, पायरी आणि पद : छोट्या निसर्गपूजक मंडळाची पुरोहितव्यवस्था कशी बसवावी

दहा-बारा माणसे दर पौर्णिमेला एकत्र येऊन ऋतूंची, झाडापाण्याची आणि पूर्वजांची उपासना करू लागली की साधारण सहा महिन्यांच्या आत एक प्रश्न उभा राहतो : विधी चालवायचा कोणी, आणि ज्याने तो चालवला त्याचा शब्द विधी संपल्यावरही चालायचा का? विक्का (इंग्लंडमधला), ड्रुइड (केल्टिक परंपरेचा) आणि आसात्रू (नॉर्डिक देवतांचा) अशा ज्या नव-पेगन, म्हणजे ख्रिस्तपूर्व निसर्गपूजा नव्याने जागवणाऱ्या, पंथांची गेल्या पाऊणशे वर्षांत युरोप-अमेरिकेत वाढ झाली, त्यांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे शोधली, आणि त्यांतली काही आपसांत फाटाफूट होऊन मगच सापडली. आम्ही कोल्हापुरात असेच एक लहानसे मंडळ काही वर्षे चालवीत आहोत. ज्यांना आपल्या मंडळात पुरोहितपदे ठरवायची आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यातील सल्ल्यामागे थोडे वाचन आणि बऱ्याच चुका आहेत.

मांडणीचा पाया असा की तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवाव्यात. पाळी म्हणजे एखाद्या दिवशीचा विधी चालवण्याची जबाबदारी. ती विधीबरोबर सुरू होते आणि प्रसाद वाटून झाला की संपते. पायरी म्हणजे माणूस किती शिकला आहे याची मंडळाने दिलेली पावती. पद म्हणजे किल्ली, वही, पैसे किंवा तक्रार यांपैकी काहीतरी ठरावीक काळासाठी सांभाळण्याचे काम. पाळी फिरती असावी, पायरी कायमची असावी आणि पद मुदतीचे असावे. या तिन्हींची मिळून एकच शिडी केली, म्हणजे जो अधिक शिकलेला त्याच्याच हातात विधी, त्याच्याच हातात पेटी आणि त्याच्याच पुढे तक्रार असे झाले, तर मंडळ एका माणसाच्या मर्जीवर चालू लागते. आणि तो माणूस कितीही सज्जन असला तरी त्याच्याविरुद्ध बोलायला जागा उरत नाही.

(पाळी या शब्दाचा दुसरा अर्थ मनात येऊन कोणी हसेल, म्हणून सांगून ठेवतो : त्या पाळीमुळे ही पाळी चुकवावी लागू नये, असा नियम आम्ही पहिल्याच बैठकीत वहीत लिहिला आहे.)

बाहेरच्या पंथांत काय घडले

पायऱ्यांची सर्वांत परिचित रचना विक्कातील आहे. मलायात जकात खात्यात नोकरी करून इंग्लंडला परतलेल्या जेराल्ड गार्डनर यांनी १९५० च्या दशकात हा पंथ लोकांसमोर आणला. चेटूकविरोधी जुना कायदा तेथे १९५१ मध्ये रद्द झाल्यामुळे हे उघडपणे करता आले. त्यांच्या परंपरेत तीन दीक्षा आहेत. पहिल्या दीक्षेनेच माणूस पुरोहित होतो, दुसरीनंतर त्याला इतरांना दीक्षा देता येते आणि तिसरीनंतर स्वतःचे स्वतंत्र मंडळ काढता येते. फ्रीमेसन या युरोपातील बंधुसंघटनेच्या तीन पायऱ्यांशी ही घडण चांगलीच जुळते. मंडळाला ते कव्हन म्हणतात. त्याची परंपरेने मानलेली कमाल संख्या तेरा असते, आणि गर्दी वाढली की पोळ्यातून नवा थवा निघावा तसे नवे कव्हन निघते. मुख्य पुरोहिता मंडळ चालवते, तिची मदतनीस ‘मेडन’ म्हणून ओळखली जाते आणि सभासदांना निरोप पोचवणाऱ्याला ‘समनर’ म्हणतात.

या रचनेतील धोका १९५७ मध्येच दिसला. गार्डनर वर्तमानपत्रांत फार बोलतात, यावरून मंडळात वाद झाला आणि काही सभासदांनी लेखी नियमांची मागणी केली. त्यावर गार्डनर यांनी ‘प्राचीन’ म्हणून नियमांची एक यादीच पुढे केली. तीत मुख्य पुरोहितेने वेळ आली की तरुण स्त्रीसाठी आनंदाने पद सोडावे, असेही एक कलम होते. त्या वेळी मुख्य पुरोहिता होत्या डोरीन व्हॅलिएंटे. या पंथाचे पुष्कळसे विधिसाहित्य त्यांनी स्वतः लिहिले होते, त्यामुळे मंडळात जुने काय आणि नवे काय हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. ही यादी आत्ताच रचलेली आहे हे ओळखून त्या सहकाऱ्यांसह बाहेर पडल्या. भांडण सुरू झाल्यावर काढलेला नियम कितीही शहाणा असला तरी त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, म्हणून पद सोडण्याचे नियम पद देण्याच्या आधी लिहावेत.

इतर पंथांनी वेगळ्या वाटा धरल्या. ब्रिटनमधील एका मोठ्या ड्रुइड संघटनेत बार्ड, ओव्हेट आणि ड्रुइड अशा तीन श्रेणी आहेत, परंतु त्या अभ्यासाच्या श्रेणी आहेत. ड्रुइड झालेल्याला बार्डवर हुकूम चालवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. अमेरिकेत १९८३ मध्ये स्थापन झालेल्या एडीएफ या ड्रुइड संघटनेने विधी सर्वांना खुले ठेवले, सर्वसामान्य साधकासाठी निदान वर्षभराचा अभ्यासक्रम आखला आणि पुरोहितांसाठी त्यापुढचे वेगळे शिक्षण ठेवले. सॅन फ्रान्सिस्कोत १९८० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या रिक्लेमिंग परंपरेने तर कोणत्याही भूमिकेसाठी दीक्षेची अटच ठेवली नाही. निर्णय सहमतीने होतात आणि विधीतील कामे वाटून घेतली जातात.

मला सर्वांत उपयोगी वाटते ते आइसलंडचे उदाहरण. तेथील आसात्रू संघटना १९७२ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिला सरकारी मान्यता मिळाली. तिच्या धर्मप्रमुखाला ‘अल्शेरयारगोदी’ म्हणतात. शेतकरी आणि कवी असलेले स्वेनब्यर्न बेन्टेन्सन हे पहिले धर्मप्रमुख होते आणि १९९३ मध्ये निधन होईपर्यंत ते त्या पदावर होते. संघटनेचा कारभार मात्र वेगळे मंडळ पाहते आणि त्या मंडळाला वेगळा अध्यक्ष असतो. यज्ञवेदीजवळ उभा राहणारा आणि हिशेबाच्या कागदावर सही करणारा हे दोघे निराळे आहेत, एवढी एक गोष्ट जरी त्यांच्याकडून घेतली तरी पुरे.

कोल्हापूरकराने घराजवळ पाहावे

पुरोहित कोण आणि त्याला अधिकार कुठून येतो, हा वाद कोल्हापूरला बाहेरून शिकावा लागत नाही. १८९९ च्या सुमारास पंचगंगेवरील कार्तिकस्नानाच्या वेळी शाहू महाराजांसाठी वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचे लक्षात आले आणि त्यातून वेदोक्ताचे प्रकरण पेटले. पुढे १९०२ मध्ये दरबाराने राजोपाध्यांचे वतन जप्त केले. महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये पुण्यात स्थापन केलेला सत्यशोधक समाज १९११ मध्ये कोल्हापुरात उभा राहिला, १९१३ मध्ये विधी शिकवणारी सत्यशोधक शाळा येथे निघाली आणि १९२० मध्ये पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठाच्या गादीवर क्षात्रजगद्‌गुरूंची नेमणूक झाली.

यातील दोन वाटा आपल्या कामासाठी नीट पाहण्यासारख्या आहेत. शाळा काढून विधी शिकवले की पौरोहित्य जन्मावरून सुटून शिक्षणावर येते. आपण ज्याला पायरी म्हणतो ती हीच. नवी गादी निर्माण केली तर जुन्या गादीचा मक्ता मोडतो, हे खरेच. परंतु एका उच्च पीठाच्या जागी दुसरे उच्च पीठ आले आणि वरच्या माणसाकडे पाहण्याची सवय तशीच राहिली, असेही होऊ शकते. त्या काळाची गरज वेगळी होती आणि तिचे मूल्यमापन करण्याचे हे स्थळ नव्हे. बारा माणसांच्या मंडळाला मात्र गादीची गरज नाही, शाळेची आहे.

पाळी म्हणजे काय, हे तर नवरात्रात टेंबलाईच्या टेकडीवर दरवर्षी दिसते. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या भेटीला जाते आणि कुमारिकेच्या हस्ते कोहळा फोडला जातो. त्या घटकेला सारी गर्दी, पालखी आणि मानकरी त्या लहान मुलीच्या हाताकडे पाहत असतात. दुसऱ्या दिवशी ती शाळेत जाते. विधीच्या केंद्रस्थानी असणे आणि त्यातून अधिकार मिळणे यांत किती अंतर ठेवता येते, हे समजावून सांगताना मी दुसरे उदाहरण शोधत नाही. याउलट जोतिबाच्या चैत्र यात्रेतील मानाच्या सासनकाठ्यांचा क्रम ठरलेला आणि परंपरेने चालत आलेला असतो. शतकांच्या परंपरेत ते शोभते, पण कालपरवा सुरू झालेल्या मंडळाने ‘मानाचा पहिला’ ठरवायला जाऊ नये.

पाळी लावणे

वर्षातील विधी प्रथम मोजावेत. विक्का आणि बहुतेक ड्रुइड मंडळे वर्षाला आठ सण पाळतात. ते ब्रिटनच्या हवामानाला धरून आलेले आहेत, त्यामुळे १ मे चा वसंतोत्सव कोल्हापुरात करायचा म्हणजे चाळीस अंशांकडे निघालेल्या उन्हात पालवीचे गाणे म्हणायचे. आम्ही आठ ही संख्या ठेवली आणि दिवस आपले घेतले : पाडवा, बेंदूर, आषाढातील नव्या पाण्याचा दिवस, सर्वपित्री अमावास्या, दसरा, त्रिपुरी पौर्णिमा, संक्रांत आणि होळी. आठ सणांसाठी किमान चार वेगवेगळे विधिप्रमुख असावेत आणि लागोपाठ दोन सण एकाच माणसाकडे जाऊ नयेत.

पाडव्यानंतरच्या पहिल्या बैठकीत वर्षभराच्या पाळ्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहाव्यात. प्रत्येक पाळीला दोन नावे असावीत : विधिप्रमुख आणि जोडीदार. ज्याने पूर्वी हा विधी केला आहे त्याला शक्यतो जोडीदार करावे आणि नव्या माणसाला प्रमुख. हे उलटे वाटते, परंतु अनुभवी माणूस मागे उभा असला की नवा धीराने चालवतो. अनुभवी पुढे आणि नवा मागे असला तर नवा फक्त ताम्हन धरायला शिकतो.

विधी चालू असताना विधिप्रमुखाचा शब्द अखेरचा असावा. एखादी ओळ चुकली, पाणी आधी आणि दिवा नंतर झाला, तरी मध्येच दुरुस्ती करू नये. जे बोलायचे ते प्रसादानंतर जोडीदाराने एकट्याला सांगावे. याला अपवाद दोनच : आगीचा धोका आणि कोणाची प्रकृती बिघडणे.

पायऱ्या किती आणि कशाच्या

तीनपेक्षा जास्त पायऱ्या करू नयेत. आमच्याकडे येणारा, साधक आणि पुरोहित अशा तीन आहेत. येणाऱ्याला कोणतीही अट नाही. तो वर्तुळात बसतो, प्रसाद घेतो, प्रश्न विचारतो. साधक होण्यासाठी त्याने स्वतः तोंडाने मागणी करावी लागते. कोणी त्याला ‘तू आता साधक हो’ असे म्हणू नये, कारण आग्रहाने आलेला माणूस पुढे संकोचाने राहतो. साधकापासून पुरोहितापर्यंतचा काळ निदान वर्ष आणि एक दिवस असावा. ही मुदत विक्कात रूढ आहे आणि तिच्यात साधा व्यवहार आहे : आठही सण एकेकदा अंगावरून गेल्याशिवाय माणसाला मंडळ कळत नाही आणि मंडळाला माणूस कळत नाही.

साधकाने काय शिकावे, हे लिहून ठेवणे फार महत्त्वाचे आहे, नाहीतर पायरी ही मर्जीची गोष्ट होते. आमच्या वहीत सहा गोष्टी आहेत. वर्तुळ आखणे आणि मोडणे. चार दिशांची आवाहने पाठ असणे. एक पूर्ण विधी स्वतः रचून लिहून आणणे. पूर्वजस्मरणात शोकाकुल माणसाला कसे सांभाळावे हे जाणणे. आपल्या भागातील वीस झाडे पानावरून ओळखणे. आणि मंडळाच्या हिशेबाचे एक वर्ष वाचून समजून घेणे. शेवटच्या गोष्टीवर लोक हसतात, पण समईला वर्षभरात किती तेल लागते हे ज्याला ठाऊक नाही त्याने पुढे भव्य विधीची योजना मांडू नये.

पाठांतराइतकेच त्यामागचे कारण विचारावे. विक्कात पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल आणि उत्तरेला पृथ्वी मानतात. दक्षिणेला अग्नी का, असे साधकाला विचारावे. इंग्लंडमध्ये दुपारचा सूर्य बाराही महिने दक्षिणेकडे असतो, हे त्याचे सरळ उत्तर आहे. मग कोल्हापुरात काय? आपण साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहोत, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. बेंदराच्या विधीत मग अग्नी कुठे ठेवणार? याला एकच बरोबर उत्तर नाही. एका साधकाने मध्यभागी ठेवला, दुसरीने परंपरा म्हणून दक्षिणेलाच ठेवला आणि कारण सांगितले. दोघेही उत्तीर्ण झाले. पश्चिमेला जल मात्र आपल्याकडे इंग्लंडइतकेच पटते, कारण गगनबावड्याकडून काळे ढग येताना ज्याने पाहिले आहेत त्याला ते सांगावे लागत नाही.

परीक्षा प्रत्यक्ष विधीतच घ्यावी. मागे एका त्रिपुरी पौर्णिमेला नदीकाठच्या एका शेतात दुसऱ्या वर्षाची एक साधिका विधी चालवीत होती. पूर्वजांची नावे घेण्याच्या ऐन वेळी वारा सुटला आणि हातातील निरांजन विझले. काड्यापेटी पाच पावलांवर पिशवीत होती. ती पिशवीकडे गेली नाही, दचकलीही नाही. तिने शेजारी बसलेल्या आजींपुढे निरांजन धरले, आजींनी आपल्या पणतीने ते लावले, आणि तिने तेच नाव पुन्हा पहिल्यापासून घेतले. सगळे मिळून वीस सेकंद गेले असतील. तिला मंत्र किती येतात याची चर्चा त्यानंतर कोणी केली नाही. पुरोहिताची पायरी देताना आम्ही त्या रात्रीची नोंदच वाचून दाखवली.

पायरी एकट्याने देऊ नये. दोन पुरोहित आणि एक साधक अशा तिघांनी ठरवावे आणि नकार दिला तर कोणती गोष्ट कच्ची आहे हे लेखी सांगावे. दीक्षेचा विधी बंद दाराआड एका माणसासमोर कधीही होऊ नये. ज्याला दीक्षा मिळते त्याच्या विश्वासातील एक व्यक्ती तेथे हजर असावी आणि त्याला काय काय करावे लागणार आहे हे आठवडाभर आधी सांगितलेले असावे. गूढता राखण्याच्या नावाखाली हा नियम मोडणारी मंडळे असतात आणि बहुतेक वेळा गैरप्रकार तेथूनच सुरू होतात. अठरा वर्षांखालील मुलांना आईवडिलांबरोबर सणाला येऊ द्यावे, पायरी देऊ नये.

पदे, किल्ल्या आणि वही

पदे कमीत कमी असावीत आणि प्रत्येक पदाला एखादी हातात धरता येईल अशी वस्तू असावी, म्हणजे पद कोणाकडे आहे याबद्दल घोळ होत नाही. वहीदाराकडे वही, खजिनदाराकडे पेटी, भांडाऱ्याकडे विधीच्या साहित्याच्या ट्रंकेची किल्ली आणि निरोप्याकडे सभासदांची यादी. निरोप्या हे विक्कातील समनरचे आपल्याकडील रूप आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या काळात हे पद कशाला, असे वाटते खरे, परंतु दोन सणांना न आलेल्या माणसाच्या घरी जाऊन चौकशी करणे हे काम ग्रुपवर टाकलेला निरोप करीत नाही. मुदत एक वर्षाची असावी आणि एकाच माणसाला तेच पद लागोपाठ दोनपेक्षा जास्त वेळा देऊ नये.

खजिनदार हा शक्यतो पुरोहित नसावा. सुरुवातीला आम्ही सोयीसाठी दोन्ही कामे एकाकडेच दिली होती. दसऱ्याच्या खर्चात खण, नारळ, तेल आणि टेम्पोभाडे मिळून अठराशे रुपयांचा हिशेब लागेना. पैसे कोणी खाल्ले नव्हते, दोन पावत्या ट्रंकेत फुलांच्या पुड्यात राहिल्या होत्या आणि त्या संक्रांतीला सापडल्या. पण मधल्या तीन महिन्यांत कोणाची विचारण्याची हिंमत झाली नाही, कारण विचारायचे ज्याला तोच विधी चालवत होता आणि त्याच्यासमोरच आपण पूर्वजांची नावे घेणार होतो. पैशाच्या नुकसानीपेक्षा तो अवघडलेपणा महाग पडला.

दीक्षेसाठी किंवा पायरीसाठी पैसे घेऊ नयेत. विक्काच्या जुन्या परंपरांतही दीक्षेचे मोल घेणे निषिद्ध मानले जाते. मी पूर्वी ज्या एका गटात जात असे, तेथे ठरावीक रक्कम भरली की टपालाने ‘मुख्य पुरोहित’ असे छापील प्रमाणपत्र घरी येई. माझेही आले होते, लॅमिनेशनसकट. मला तेव्हा एक आवाहनही पाठ नव्हते. विधीच्या साहित्याचा खर्च वाटून घ्यावा आणि बाहेरगावी विधीसाठी जाणाऱ्याला प्रवासखर्च द्यावा. त्यापलीकडची दक्षिणा मंडळाच्या पेटीत जमा करावी.

आणखी एक काम आहे, ज्याला पद म्हणावे की नाही याचा आम्ही बराच खल केला : लोकांचे दुःख ऐकण्याचे काम. विधी उत्तम चालवणारा माणूस ऐकणारा असतोच असे नाही. मंडळात दोघांना, शक्यतो एक स्त्री आणि एक पुरुष, ‘ऐकणारे’ म्हणून नेमावे. त्यांनी ऐकलेले दुसरीकडे जाऊ नये; अपवाद फक्त कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा लहान मुलावर अत्याचार होत असेल तेव्हाचा. आपल्या आवाक्याबाहेरची गोष्ट असेल तर डॉक्टरकडे पाठवावे आणि मानसिक त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्यावा. ऐकणाऱ्याने उपाय म्हणून विधी सुचवू नये. माणूस विचारतो, आपल्याला मदत करावीशी वाटते, आणि तेथेच पाय घसरतो.

कायद्याची बाजू

महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि कोणत्याही निसर्गपूजक मंडळाच्या पुरोहिताने त्याची अनुसूची एकदा मुळातून वाचावी. अंगात अलौकिक शक्ती असल्याचे सांगून लोकांना फसवणे किंवा धाक घालणे, तसेच कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे देणे हे त्याखाली गुन्हे आहेत. पुरोहिताची पायरी घेताना ‘मी कोणाचा रोग बरा करण्याचा दावा करणार नाही’ असे वाक्य शपथेतच असावे.

याच संदर्भात उपाधींचा विचार करावा. विक्कात स्वतःला ‘विच’ म्हणवून घेणे अभिमानाचे असते. आपल्या भाषेत चेटकीण हा शब्द लावून बायकांना गावाबाहेर काढल्याच्या, मारहाणीच्या घटना घडल्या आहेत. तो शब्द हौसेने अंगावर घेणे म्हणजे ज्यांच्यावर तो लादला गेला त्यांच्या जखमेवर मीठ चोळणे होय. पुरोहित, पुरोहिता, साधक हे शब्द पुरेसे आहेत. महाराज, स्वामी, माताजी, आचार्य यांतले काहीही नको. बोलताना वयाप्रमाणे दादा, ताई, काका, मावशी म्हणावे. आमच्याकडे सर्वांत अनुभवी पुरोहिताला सगळे ‘अण्णा’ म्हणतात आणि त्यात मान आपोआप येतो.

लग्न लावण्याची मागणी लवकरच येते. मंडळाच्या पायरीने कोणाला लग्न लावण्याचा सरकारी अधिकार मिळत नाही, हे वधूवरांना पहिल्याच भेटीत सांगावे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढ विधींना मान्यता देतो. आपण नव्याने रचलेला विधी ‘रूढ’ ठरेल यावर कोणाचा संसार टांगून ठेवू नये. सरळ मार्ग असा की १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस देऊन, तीन साक्षीदारांसह नोंदणी करावी आणि त्यानंतर आपला विधी मनासारखा करावा. विवाहनोंदणीच्या फॉर्मवर पुरोहिताची सही मागितली जाते. जो विवाह आपण कायदेशीर रीतीने लावलेला नाही, त्याच्या कागदावर आपली सही करू नये.

संस्थेची नोंदणी करायची असल्यास १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात आणि राज्यातील प्रथेप्रमाणे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद होते. जागा, देणगी किंवा बँकखाते यांचा प्रश्न येईपर्यंत घाई करू नये. नोंदणी करतानाही कार्यकारी मंडळातील पदे आणि पुरोहितांच्या पायऱ्या यांची नावे वेगळी ठेवावीत. ‘अध्यक्ष’ म्हणजेच मुख्य पुरोहित अशी समजूत एकदा झाली की ती घटनेतले कलम दाखवूनही निघत नाही.

तक्रार आणि पद काढून घेणे

तक्रार ऐकायला दरवर्षी दोन नावे ठरवावीत, आणि त्यांपैकी निदान एक साधकांतून असावे. तक्रार आली की ज्याच्याविरुद्ध ती आहे त्याची पाळी निर्णय होईपर्यंत दुसऱ्याकडे द्यावी. ही शिक्षा नव्हे, हे त्याच वेळी सर्वांना सांगावे. शारीरिक छळाची किंवा पैशाच्या अफरातफरीची तक्रार असेल तर मंडळाने न्यायाधीश होऊ नये, पोलिसांकडे जाण्यात तक्रारदाराला साथ द्यावी.

पद काढता येते, पाळी थांबवता येते. पायरीबाबत आमच्यात अजून एकमत नाही. शिकलेले काढून घेता येत नाही, असे काहींचे म्हणणे आहे. ती पायरी दाखवून माणूस दुसरीकडे जाऊन तेच करील, असे इतरांचे. सध्या आम्ही पायरी रद्द करीत नाही, परंतु कोणी विचारल्यास ‘या व्यक्तीला आमच्याकडे पाळी दिली जात नाही’ एवढे लेखी कळवतो. मला हा तोडगा अर्धवट वाटतो. माझा कल रद्द करण्याकडे आहे. मात्र मंडळातून गेलेल्या माणसाशी बोलू नका, त्याच्या घरच्या कार्याला जाऊ नका असे फर्मान कोणी काढू नये. ते अन्यायाचे आहेच, शिवाय सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा महाराष्ट्रात लागू आहे.

पद सोपवण्याचा विधी

पदांची अदलाबदल पाडव्याच्या सणातच, सर्वांसमोर करावी. जुना खजिनदार पेटीतील रोकड मोठ्याने मोजतो, नवा ती पुन्हा मोजतो आणि आकडा वहीत लिहून दोघे सह्या करतात. भांडारी ट्रंकेतील वस्तूंची यादी वाचतो : दोन समया, एक ताम्हन, पाच पळ्या, घंटा, चार दिशांची चार फडकी, काड्यापेट्या. जी वस्तू सापडत नाही तिच्यापुढे फुली मारली जाते आणि ती कोणाकडे राहिली आहे ते तेथेच आठवले जाते. यंदा एक पळी कमी भरली. ती निरोप्याच्या स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीत निघाली. यादी पूर्ण झाली की किल्ली नव्या भांडाऱ्याच्या हातात द्यावी, जुन्याने ट्रंकेपासून उठून वर्तुळात आपल्या जागी जाऊन बसावे आणि मग विधिप्रमुखाने दिवा लावावा.